मंगळसूत्र घालताना फ्लॅश पेटला पाहिजे, नाव कोणाचंही असो

पत्र : "दादा, मी पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यातली आहे. दोन वर्षांपासून कॅननच्या २००डी टू कॅमेऱ्यावर हळद, बारसं, डोहाळजेवण असे कार्यक्रम करते. आता पहिल्यांदाच पूर्ण लग्नाच्या तीन ऑर्डर आल्या अन् माझ्याजवळ फ्लॅशच नाही. तालुक्याच्या स्टुडिओवाल्या काकांकडे गोडॉक्सचा टीटी६०० होता, तो माझ्या कॅमेऱ्यावर लावून पाहिला तर पेटलाच नाही. काका म्हणाले लोकल फ्लॅश असाच राहते, उद्या कॅमेरा जाळून ठेवेल, घ्यायचा तर कंपनीचाच घे. कंपनीच्या फ्लॅशचे दुकानात चोवीस हजार सांगितले. बाबा म्हणतात घरात ठेवलेला कापूस विकून देतो, पण तो भाव वाढायची वाट पाहत ठेवला आहे. काय करू?"

उत्तर :

पोरी, पहिले बाबांना सांग की कापूस राहू द्या. फ्लॅशसाठी कापूस काढायची काहीच गरज नाही, अन् हे मी तुझं मन राखायला नाही म्हणत, अठरा वर्षं लग्नाच्या मांडवात उभं राहून म्हणतो आहे.

आता काकांचं. काका खोटं नाही बोलले, त्यांनी डोळ्यांनी जे पाहिलं ते सांगितलं, फ्लॅश लावला अन् पेटला नाही. पण कारण त्यांनी चुकीचं धरलं. दोष त्या टीटी६०० चा नाही अन् तुझ्या कॅमेऱ्यात बिघाडही नाही. कॅमेरा हातात घे, उजेडात जा, अन् वर जिथे फ्लॅश सरकवतात ती पत्र्याची खाच नीट पाहा, त्याला हॉट शू म्हणतात. दुसऱ्या कोणत्याही जुन्या कॅननमध्ये त्या खाचेच्या मधोमध एक मोठा गोल ठिपका दिसतो अन् त्याच्या मागे छोटे छोटे ठिपके. तुझ्या कॅमेऱ्यात तो मधला मोठा ठिपकाच नाही. कॅननने २००डी टू, १५००डी, ३०००डी अशा स्वस्तातल्या कॅमेऱ्यांतून तो काढून टाकला, अन् आपल्याकडे नवीन पोट्ट्यांच्या हातात नेमके हेच कॅमेरे जास्त दिसतात.

तो मधला ठिपका म्हणजे साधा स्विच होता बघ. शटर उघडलं की तिथून करंट जोडला जायचा अन् जवळपास कोणत्याही कंपनीचा फ्लॅश पेटायचा, त्याला कॅमेऱ्याशी बोलायची गरजच नव्हती. टीटी६०० च्या पायाला तेवढी एकच पिन असते. समोर ठिपका नाही म्हटल्यावर तो कशावर पेटणार? उरलेले छोटे ठिपके कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतात, म्हणून कॅननचा फ्लॅश लगेच चालतो अन् लोकांना वाटते की लोकल ते लोकलच. मला राग येतो तो याच गोष्टीचा, की घेताना हे गिऱ्हाईकाला कोणी सांगत नाही, अन् मग पोरंपोरी आपलंच काहीतरी चुकलं म्हणून दुप्पट पैसे मोजतात.

तर तुला कॅननची भाषा समजणारा दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश पाहिजे, म्हणजे टीटीएल वाला, ज्यात कॅमेरा स्वतःच मोजून फ्लॅशची ताकद ठरवते. गोडॉक्समध्ये अशा मॉडेलच्या नावाशेवटी कॅमेऱ्याच्या कंपनीचं अक्षर असते, कॅननसाठी सी, निकॉनसाठी एन, सोनीसाठी एस. माझं ऐकशील तर टीटी६८५ टू सी घे. त्याच्या वरचा व्ही८६० थ्री सी पण चांगला आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. फक्त एक काम दुकानातच करून घ्यायचं, फ्लॅशचं फर्मवेअर म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम नवा करून मागायचा, कारण बिनपिनच्या या कॅमेऱ्यांसाठीची सोय गोडॉक्सने नंतर अपडेटमधून दिली. फ्लॅशला यूएसबीची जागा असते, विंडोजच्या कॉम्प्युटरवरून होऊन जाते. दुकानदार काय म्हणते त्यावर जाऊ नको, त्याने शंभर टक्के चालते म्हटलं तरी स्वतःचा कॅमेरा घेऊन जा, लावून पाहा, अन् मगच पैसे दे. नागपूरला सीताबर्डीला जा का यवतमाळला जा, कॅमेरा घरी ठेवून फ्लॅश घ्यायला जायचं नाही.

एक फुकटचा प्रयोग सांगतो, काकांचा टीटी६०० अजून मिळत असेल तर आजच करून पाहा. तो कॅमेऱ्यावर लावायचा नाही, बाजूला टेबलावर ठेवायचा अन् त्याच्यावर एस२ मोड लावायचा. मग तुझ्या कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश उघडून फोटो मार. छोट्याचा उजेड पाहून मोठा आपोआप पेटेल. एस१ लावशील तर छोटा फ्लॅश जो अगोदर मोजमापासाठी एकदा लुकलुकते त्यावरच हा पेटून जाईल अन् फोटोत काही येणार नाही, म्हणून एस२. घरात, ओसरीत हे चांगलं चालते. भर उन्हात फसते, अन् लग्नात बाकीच्या फोटोग्राफरच्या फ्लॅशवर पण हा पेटत बसते, म्हणून ऑर्डरसाठी याच्या भरवशावर नाही राहायचं. पण एवढ्याने तुला अन् काकांना दोघांनाही दिसेल की वस्तू ठणठणीत आहे.

कॅमेरा जळण्याची भीती. ही भीती उगाच आलेली नाही, रोलच्या जमान्यात काही फ्लॅश असे होते की त्यांच्या पायाच्या पिनवर दोनशे व्होल्टच्या वर व्होल्टेज राहायचं, अन् तसला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर लावला तर आतलं सर्किट जाऊ शकते. जुन्या लोकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं आहे. आजकालच्या चांगल्या कंपन्यांच्या फ्लॅशमध्ये तिथे मोजके काही व्होल्ट असतात, त्याने काही होत नाही. मग स्टुडिओच्या कपाटातला वीस-पंचवीस वर्षांचा फ्लॅश कोणी "घे बापा, वापर" म्हणून दिला तर घ्यायचा का? नाही. अन् फ्लॅश जुना असो का नवा, बंद पडला म्हणून स्क्रू काढून आत बोट घालायचं नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास साठवलेलं असते अन् सेल काढल्यावरही ते बराच वेळ राहते. माझ्या ओळखीचा एक मुलगा असाच फेकला गेला होता, हाताला चट्टा अजून आहे.

गोडॉक्स ही काही फुटपाथवरची गोष्ट नाही. शेन्झेनची कंपनी आहे, १९९३ पासून याच धंद्यात आहे. लोकल म्हणजे बिनानावाचा, बिनबिलाचा माल, अन् त्याच्यापासून मीही तुला दूरच ठेवीन. पण दुसऱ्या कंपनीचा अन् लोकल या दोन गोष्टी एक नाहीत, हे काकांना समजावून सांग, भांडू नको त्यांच्याशी, उद्या त्यांचीच दहा कामं तुझ्याकडे येतील.

उजेडाच्या ताकदीत ब्रँडवाला मागेपुढे फार नाही. पण इथे एक गोम आहे, ती समजून घे म्हणजे दुकानात कोणी फसवणार नाही. खोक्यावर गाईड नंबर म्हणजे उजेडाच्या ताकदीचा आकडा लिहिलेला असतो. टीटी६८५ टू वर ६० लिहिलेलं आहे, कॅननच्या ४३०ईएक्स थ्री वर ४३. पाहणाऱ्याला वाटते अरे व्वा, हा तर दीडपट. तसं नाही. गोडॉक्सचा ६० हा फ्लॅशचं डोकं २०० एमएमवर झूम करून मोजलेला आहे, कॅननचा ४३ हा १०५ वर. झूम केलं की उजेड एका जागी गोळा होते अन् आकडा फुगते. तू मांडवात ३५ एमएमच्या आसपास फोटो काढशील तेव्हा ६० चा आकडा निम्म्याच्या जवळ येऊन बसते. तरी तो कमी नाही. हिशोब सोपा आहे, गाईड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागायचं म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं तो आकडा, अॅपर्चर मिळते. समज ३२ धरला अन् नवरदेव चार मीटरवर आहे, तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, १०० वर एफ८. आयएसओ ४०० केला की हाच उजेड दुप्पट लांब जाते. म्हणजे मांडवासाठी ताकद भरपूर झाली, अन् त्याच्यासाठी कंपनीच्या नावाचे जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

अंतराचं मात्र ध्यानात ठेव. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, निम्मा नाही. म्हणून पुढे बसलेली करवली पांढरीफट्ट येते अन् मागची आजी काळोखात जाते. हे कोणताही महागडा फ्लॅश घेऊन सुटत नाही, जागा बदलून सुटते, दोघींपासून सारख्या अंतरावर उभं राहून.

अन् आता मांडव. आपल्या मांडवाची गोष्ट शहरातल्या हॉलसारखी नाही, अन् यूट्यूबवर शिकवणारे सगळे हॉलमध्ये उभे राहून शिकवतात. ते सांगतात फ्लॅश वर छताकडे कर, उजेड मऊ पडते. छत पांढरं असेल तर खरं आहे. आपल्याकडे वर काय असते? पिवळा, गुलाबी नाही तर लालभडक कपडा. एकदा आर्णीकडच्या लग्नात मी अख्खं अक्षदांपर्यंत फ्लॅश वर करून मारला, वर हळदुल्या रंगाचं कापड होतं, घरी येऊन पाहतो तर सगळी वऱ्हाडी मंडळी काविळीचे पेशंट दिसत होती, नवरीच्या पांढऱ्या शालूवर पण पिवळी झाक. एकेक फोटो कॉम्प्युटरवर बसून सुधारला, आठ रात्री गेल्या. तेव्हापासून मांडवात शिरलो की पहिले मान वर करतो, कापड कोणत्या रंगाचं आहे ते पाहतो. रंगीत असेल तर डोकं सरळ ठेवून वरचं पांढरं कार्ड बाहेर ओढायचं, टीटी६८५ टू मध्ये ते येते, नाही तर मागे एखादा पाहुणा थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभा करायचा अन् उजेड त्याच्यावर मारायचा. टिनाच्या शेडमध्ये वर मारलं तर पन्हाळीवर उजेड तुकडे तुकडे होऊन परत येते. अन् रात्री वरातीत वर आभाळच, तिथे फ्लॅश वर करणं म्हणजे चांदण्याला उजेड दाखवणं. तिथे सरळ मार, पण शटर थोडं हळू ठेवून अन् ताकद एक स्टॉप कमी म्हणजे निम्मी करून, मग मागचे लाईट अन् बेंजोवाले पण फोटोत जिवंत राहतात.

टीटीएल याच्यासाठीच पाहिजे. वरातीत माणसं हलतात, एक क्षणी नवरदेव दोन मीटरवर, दुसऱ्या क्षणी सहा मीटरवर, तिथे हाताने ताकद लावत बसशील तर नवरदेव घोड्यावरून उतरून जाईल. मात्र स्टेजवर आहेर घेताना, एकाच जागी शंभर पाहुणे येतात अन् फोटो काढून जातात, तिथे मॅन्युअल कर, म्हणजे ताकद हाताने लाव, एकदा चांगला आला की तेच आकडे ठेव, सगळे फोटो एकसारखे येतात. टीटीएल तिथे काळ्या कोटाला एक अन् पांढऱ्या धोतराला दुसरा उजेड देते, मग अल्बममध्ये पानापानावर चेहरे वेगळे.

सेल. इथे मी थोडा वेळ थांबतो कारण माझ्या डोळ्यांदेखत जितके फ्लॅश लग्नात दगा देऊन गेले त्यातले बहुतेक फ्लॅशमुळे नाही, सेलमुळे गेले. टीटी६८५ टू मध्ये चार पेन्सिल सेल लागतात. किराणा दुकानातले दहा-पंधरा रुपयांचे सेल घालायचे नाहीत, ते घड्याळासाठी असतात, एक फोटो मारला की पुढच्यासाठी दहा-दहा सेकंद चार्ज होत बसते अन् तितक्यात हार घालून झालेला असतो. चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेल घे, एनलूपसारखे, जे ठेवून दिले तरी चार्ज धरून राहतात. आठ घे, चार फ्लॅशमध्ये अन् चार खिशात. बाजारात सेलवर ३६००, ४६०० एमएएच छापलेलं दिसेल, ते धादांत खोटं आहे, या आकाराच्या असल्या सेलमध्ये २७००-२८०० च्या वर काही मावत नाही. खऱ्या सेलवर २००० च्या आसपास लिहिलेलं असते अन् तेच जास्त काम करतात. दोन सेटला दोन रंगांची नेलपॉलिश लाव, म्हणजे अर्धा चार्ज असलेला दुसऱ्यात मिसळत नाही, एक सेल मेला की चारही मेल्यासारखे होतात. अन् चार्जिंग लग्नाच्या सकाळी नाही, दोन दिवस अगोदर, आपल्याकडे लाईटचं काय सांगता येते.

व्ही८६० थ्री मध्ये स्वतःची मोठी बॅटरी येते, फुल ताकदीचे साडेचारशेच्या वर फोटो निघतात अन् दीड सेकंदात परत तयार होतो, वापरायला लय सुख आहे. मी स्वतः तोच वापरतो. तरी तुला पहिल्यासाठी तो नाही सांगत, कारण ती बॅटरी लग्नात संपली अन् दुसरी नसली तर पांढरकवड्यात रात्री नऊ वाजता कुठून आणशील? पेन्सिल सेल कोणाच्याही घरी मिळतात, अल्कलाइन मिळाले तरी अडल्या वेळी निभावते.

आता ब्रँडवाल्याची बाजू पण सांगतो, नाही तर मी एकतर्फी बोललो असं होईल. कॅननच्या मोठ्या फ्लॅशला धूळ-पाण्यापासून चांगली सीलिंग असते, विकायला गेलं तर किंमत जास्त येते, कॅमेऱ्याशी जुळण्यात कधी अडचण येत नाही, अन् अंधारात फोकसला मदत करणारा उजेडही सरस आहे. रोज लग्न करणाऱ्या, पावसाळ्यात बाहेर शूट करणाऱ्या माणसाने घेतला तर मी नावं नाही ठेवणार. पण दुरुस्तीच्या बाबतीत लोक जे समजतात ते माझ्या अनुभवाला नाही आलं. माझा एका मोठ्या कंपनीचा फ्लॅश वरातीत गर्दीत पडला अन् पाय तुटला, फक्त पाय. सर्व्हिस सेंटरला पाठवला, भर सीझनमध्ये दोन महिने तिकडेच, अन् बिल असं आलं की त्यात दुसऱ्या कंपनीचा एक अख्खा नवा येऊन गेला असता. मी ते दोन महिने मित्राचा फ्लॅश मागून काम केलं. त्या दिवसापासून माझ्या बॅगेत दोन फ्लॅश असतात. दोन मध्यम किमतीचे एका महागड्यापेक्षा बरे, कारण मंगळसूत्र नवरदेव परत घालत नाही, अन् नवरीचा बाप तुला कंपनी विचारणार नाही, फोटो कुठे आहे ते विचारेल.

म्हणून चोवीस हजारांचा हिशोब तू वेगळा मांड. एक टीटी६८५ टू सी. आठ चांगले सेल अन् एकेक सेल वेगळा चार्ज करणारा चार्जर. दोन लग्नांचे पैसे हातात आले की गोडॉक्सचा कॅननसाठीचा ट्रिगर, एक्स२टी सी, तोही फर्मवेअर नवा करून, अन् त्याच्यासोबत टीटी६००. ट्रिगर तुझ्या कॅमेऱ्यावर बसेल अन् टीटी६०० ला स्टँडवर बाजूला ठेवून रेडिओने पेटवेल, तिथे त्याला मधली पिन लागतच नाही. काकांनी विकायला काढला तर त्यांचाच घे. तोच तुझा दुसरा फ्लॅश, अन् एखाद्या दिवशी टीटी६८५ बसला तर ट्रिगर लावून लग्न निघून जाईल. हे सगळं धरून पण तुला बाबांकडून फार काही मागावं लागणार नाही असं मला वाटते, भाव मात्र तूच दोन-तीन ठिकाणी विचार, ते महिन्या-महिन्याला हलतात. बिल पक्कं घे, त्यावर फ्लॅशचा नंबर लिहून घे, वॉरंटी त्याच्यावरच चालते.

एप्रिल-मेच्या लग्नांसाठी एक गोष्ट अजून. गोडॉक्सच्या पुस्तिकेत लिहिलेलं असते की फुल ताकदीवर लागोपाठ तीस वेळा मारला की दहा मिनिटं आराम द्या. ते थंड जागेचं आहे. आपल्याकडे दुपारी पंचेचाळीस डिग्रीत मांडवात उभी असशील तेव्हा तीसच्याही अगोदर फ्लॅश गरम होऊन थांबू शकते, तो बिघडला नाही, स्वतःला वाचवते आहे. घाबरून चालू-बंद चालू-बंद करू नको, सावलीत ठेव. त्यापेक्षा आयएसओ २०० वरून ८०० वर ने अन् ताकद पाव कर, फोटो तोच येतो अन् फ्लॅश गार राहते. गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवायचा नाही. हळदीच्या कार्यक्रमात त्याच्यावर पातळ पिशवी चढव, डोक्याची काच उघडी ठेवून, हळद पाण्यात कालवलेली असते अन् बटनाच्या फटीत गेली की निघत नाही.

पहिल्या लग्नाला अजून किती दिवस आहेत ते तू लिहिलं नाहीस. पंधरा दिवस असतील तरी पुरे. फ्लॅश आला की आजीला ओसरीत खुर्चीवर बसव, बाबांना तिच्या मागे दोन पावलांवर उभं कर, अन् रात्री लाईट बंद करून पन्नास-साठ फोटो काढ, जवळून, लांबून, कार्ड ओढून, भिंतीवर मारून. आजीचा चेहरा अन् बाबांचा पांढरा सदरा दोन्ही एकाच फोटोत बरोबर आले की मला कळव, आणि तो फोटो पाठव.